शेतीशाळा कुठून आली?



मागच्या खरिपात आमच्या गावात महिलांची शेतीशाळा झाली. रोवणी आटोपून महिना झाला असेल. पहिल्याच दिवशी मॅडमनी आमच्या हातात मोठा कागद आणि रंगीत खडू दिले. म्हणाल्या, "बांधीत उतरा, दहा चुडा नीट बघून या आणि जे दिसलं त्याचं चित्र काढा. मधोमध धानाची चूड, एका बाजूला नुकसान करणारे किडे, दुसऱ्या बाजूला त्यांना खाणारे किडे." आमच्या गटातल्या एक आजी खडू हातात धरून हसायलाच लागल्या. "आयुष्यभर चिखल तुडवला, आता या वयात मला अंगणवाडीत घातलं का गं?" सगळ्याजणी हसल्या.

पण त्याच आजींनी निघताना प्रश्न विचारला. "हे चित्र काढायचं कोणाच्या डोक्यातून निघालं? ही शाळा आली कुठून?" मॅडम म्हणाल्या, "वरून आलेला कार्यक्रम आहे." आजींचं समाधान झालं नाही. मी गटाची समन्वयक, त्यामुळे शोधून सांगायचं काम माझ्याकडे आलं. वाचायला बसले तेव्हा कळलं की ही गोष्ट मुंबई-दिल्लीची नाहीच. ती निघाली आहे समुद्रापलीकडच्या एका बेटावरच्या धानाच्या बांधीतून, आणि तिच्या मुळाशी आहे आपल्या धानात फिरणारा साधा कोळी. आज तीच गोष्ट सांगते.

इंडोनेशिया हा बेटांचा देश. त्यातलं जावा हे बेट म्हणजे माणसांनी आणि धानाने गच्च भरलेलं. ज्वालामुखीची काळी सुपीक माती, भरपूर पाऊस, डोंगरउतारावर पायऱ्यांसारख्या बांध्या. बहुतेक कुटुंबांकडे जमीन एक-दीड एकराच्या आत. परे उपटायचे, चिखलात वाकून रोवायचे, हे काम तिथेही बायांचंच. आपल्यातली कोणी तिथे जाऊन उभी राहिली तर भाषा कळणार नाही, पण काम कळेल.

१९६०च्या दशकात त्या देशात तांदळाची फार ओढाताण होती. लोकसंख्या वाढत होती, पीक पुरत नव्हतं. त्याच सुमारास फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने बुटक्या, जास्त पिकणाऱ्या जाती काढल्या. १९६६ मध्ये आलेली आयआर ८ ही त्यातली पहिली गाजलेली जात. आपल्याकडे हरितक्रांती झाली, तशीच ती तिथेही झाली. सरकारने शेतकऱ्यांसाठी एक योजना आणली, तिचं नाव बिमास. या योजनेत कर्ज मिळायचं, पण एका गाठोड्यात: नवं बियाणं, रासायनिक खत आणि कीडनाशक. कीड आहे की नाही हा प्रश्नच नव्हता. गाठोडं घेतलं की बाटली आलीच. १९६८ ते १९७० या काळात तर जावातल्या धानावर विमानातून फवारणी झाली. खाली ज्याची बांधी आहे त्याला कोणी विचारलं नाही.

उत्पादन वाढलं, हे खरं आहे. नव्या बियाण्याने आणि खताने पोटाला अन्न दिलं, ते नाकारून चालणार नाही. पण त्याच वेळी एक किडा पुढे आला. तो आपल्या ओळखीचा आहे, तपकिरी तुडतुडा.

तुडतुडा काही नवा किडा नव्हता. आशियातल्या धानात तो पिढ्यान्‌पिढ्या होता, पण त्याची कोणाला फारशी भीती नव्हती. १९७०च्या दशकात मात्र देशोदेशी त्याच्या झुंडी उठायला लागल्या. आपल्या देशात १९७३-७४ मध्ये केरळच्या भातशेतीत तो मोठ्या प्रमाणावर आला. जावामध्ये १९७५ ते १९७७ या काळात लाखो एकर धान त्याने सुकवलं. तुडतुडा लागला की बांधी कशी दिसते हे आपल्याला माहीत आहे. आधी एका जागी गोल पिवळा डाग दिसतो, मग तो वाळतो आणि बघता बघता खळं पडल्यासारखी जागा जळून जाते. जावात अशी खळी एकमेकांना मिळत गेली. सत्तरच्या दशकाच्या शेवटी इंडोनेशिया जगात सगळ्यात जास्त तांदूळ बाहेरून विकत घेणारा देश झाला होता.

सरकारने दोन उपाय केले. एक, तुडतुडा ज्यावर वाढत नाही अशा जाती आणल्या. आयआर २६ आली. ती थोडे हंगाम टिकली, मग तुडतुड्याने तिच्यावरही जगायची सवय करून घेतली. त्यानंतर आलेली आयआर ३६ जास्त वर्षं टिकली. दुसरा उपाय म्हणजे आणखी औषध. कीडनाशक स्वस्त मिळावं म्हणून सरकार त्याच्या किमतीतला मोठा वाटा स्वतः भरायला लागलं. पुढे पुढे तर रुपयातले जवळपास ऐंशी पैसे सरकारचे आणि वीस पैसे शेतकऱ्याचे, अशी स्थिती झाली. देशाच्या तिजोरीतून वर्षाला दहा कोटी डॉलरहून जास्त पैसा यावर जात होता. इतकं स्वस्त मिळाल्यावर कोण हात आखडता घेईल? शेतकरी तारखा बघून फवारायला लागले, जशी आपण गोळी सकाळ-संध्याकाळ घेतो तशी.

१९८४ मध्ये इंडोनेशिया तांदळात स्वयंपूर्ण झाला. दुसऱ्या वर्षी राष्ट्राध्यक्ष सुहार्तो रोमला गेले आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत त्यांचा मोठा गौरव झाला. आणि गौरव होऊन वर्ष व्हायच्या आत जावात तुडतुडा पुन्हा उठला. सगळ्यात जास्त औषध मारलेल्या भागांतही खळी पडत होती. तेव्हा लोकांना प्रश्न पडला, एवढं औषध मारून हा किडा मरत कसा नाही?

याचं उत्तर खरं तर काही वर्षांपूर्वीच सापडलेलं होतं, फक्त कोणी ऐकत नव्हतं.

पीटर केनमोर नावाचा एक तरुण अमेरिकन अभ्यासक १९७०च्या दशकाच्या शेवटी फिलिपिन्समधल्या त्याच भात संशोधन संस्थेत काम करत होता. तो बांधीत बसून मोजायचा. किती तुडतुडे, किती कोळी, फवारलेल्या बांधीत किती, न फवारलेल्या बांधीत किती. त्याला दिसलं ते उलटंच होतं. न फवारलेल्या बांधीत तुडतुडे यायचे, पण वाढायचे नाहीत, कारण कोळी आणि दुसरे शिकारी किडे त्यांना खाऊन टाकायचे. फवारलेल्या बांधीत मात्र ते कित्येक पटींनी वाढायचे. म्हणजे औषध तुडतुड्याला आवरत नव्हतं. औषधच त्याला वाढवत होतं.

हे कसं होतं ते नीट समजून घेऊ या, कारण सगळी गोष्ट इथेच आहे.

तुडतुडा कुठे बसतो? धानाच्या बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर, दाट सावलीत. वरून मारलेला फवारा तिथपर्यंत पुरता पोचत नाही. त्याची मादी अंडी कुठे घालते? पानाच्या देठाला चिरा पाडून आत. तिथे तर औषध लागतच नाही. आता फवारा कोणाला लागतो? पानावर, जाळ्यात, पाण्यावर उघड्यावर फिरणाऱ्या किड्यांना. म्हणजे कोळ्याला, चतुराला, ढालकिड्याला, पाण्याच्या पृष्ठावर पळणाऱ्या बारीक शिकारी किड्याला आणि तुडतुड्याची अंडी शोषून घेणाऱ्या बारीक हिरव्या ढेकणाला. फवारणीच्या दुसऱ्या दिवशी बांधी स्वच्छ दिसते. आपण म्हणतो, औषध लागू पडलं. आठ-नऊ दिवसांनी देठातली अंडी फुटतात. पिल्लं बाहेर येतात आणि बघतात तर त्यांना खाणारं कोणीच नाही. कोळ्याची वाढ तुडतुड्याच्या मानाने सावकाश होते, त्याची संख्या लवकर भरून येत नाही. मग तुडतुडे वाढतात, आपण पुन्हा फवारतो, उरलेसुरले कोळी मरतात. हे रहाटगाडगं सुरू झालं की थांबत नाही. शिवाय दरवेळी जे तुडतुडे औषध पचवून जगतात, त्यांचीच पुढची पिढी येते.

एक कोळी असा कितीसा खाणार, असं वाटेल. धानाच्या बांधीत जाळं न विणता पळत शिकार करणारा करड्या रंगाचा कोळी असतो. त्याच्या पाठीवर पुढच्या बाजूला दोन फाटे फुटल्यासारखी खूण असते. भात संशोधन संस्थेच्या माहितीप्रमाणे हा एक कोळी दिवसाला पाच ते पंधरा किडे फस्त करतो. आपल्या एका बांधीत असे किती असतील ते मोजा. रोजंदारी न घेता, जेवणाची सुटी न घेता ते राखण करत असतात.

आता १९८६ कडे परत येऊ. इंडोनेशियात इडा न्योमन ओका हे कीटकशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी हीच गोष्ट सरकारला सांगत होते. केनमोरही तोवर अन्न आणि शेती संघटनेसाठी या भागात काम करायला लागला होता. त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं, याला आणखी एक कारण होतं, तेही सांगायला हवं. त्या वर्षी जगात खनिज तेलाचे भाव कोसळले. इंडोनेशिया तेल विकून जगणारा देश, त्याच्या तिजोरीला खळगा पडला. औषधावर एवढा पैसा उधळणं परवडेना. एका बाजूला अभ्यास आणि दुसऱ्या बाजूला रिकामी तिजोरी, दोन्ही एकाच वेळी जुळून आलं.

५ नोव्हेंबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला. धानावर वापरायच्या ५७ कीडनाशकांवर बंदी आली. औषधावरचा सरकारी वाटा टप्प्याटप्प्याने कमी करत १९८९च्या सुरुवातीला पूर्ण बंद झाला. सुहार्तो हे लष्करी राज्यकर्ते होते. त्यांच्या राज्यात लोकांना उलटं बोलायची सोय नव्हती. फवारणी लादली गेली तीही हुकमाने आणि थांबली तीही हुकमाने. पण हुकमाने बाटली बंद करता येते, डोळे उघडता येत नाहीत. औषध बंद केलं आणि शेतकऱ्याला कोळी ओळखताच येत नसेल, तर पहिला तुडतुडा दिसताच तो घाबरून चोरून बाटली आणणारच. त्याला स्वतःच्या बांधीवर भरवसा वाटायला हवा होता. त्यासाठी निघाली शेतीशाळा.

१९८९ मध्ये जावात या शाळा सुरू झाल्या. त्यांची घडी अगदी साधी. गावातले साधारण पंचवीस शेतकरी, आठवड्यातून एक सकाळ, रोवणीपासून कापणीपर्यंत पूर्ण हंगाम. छप्पर नाही, फळा नाही. शाळा म्हणजे बांधीच. शिकवणारा भाषण देत नसे. कोणी विचारलं, "हा किडा कोणता?" तर तो उलट विचारायचा, "तुला कुठे दिसला? काय करत होता? त्याच्या आजूबाजूला कोण होतं?" पाच-पाच जणांचे गट चिखलात उतरायचे, चुडा मोजायचे, बाहेर येऊन मोठ्या कागदावर चित्र काढायचे. मधे धान, एका बाजूला शत्रू, एका बाजूला मित्र, कोपऱ्यात ऊन की ढग, खाली पाणी किती. मग गटातल्या एकाने उभं राहून सगळ्यांना सांगायचं, या आठवड्यात काय करायचं आणि का. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे.

आजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे. आपला कागद आणि खडू तिथून आले आहेत. चित्र काढायला लावायचं कारण असं की जे काढायचं ते आधी बघावं लागतं. आणि लिहितावाचता न येणारी माणसंही चित्र काढून बोलू शकतात.

त्या शाळांमधले दोन प्रयोग मला फार आवडले. पहिला, किड्यांचा पिंजरा. कुंडीत धानाची चूड लावायची, तिला जाळी किंवा कापड गुंडाळायचं आणि आत तुडतुडे आणि एक कोळी सोडायचा. दुसऱ्या दिवशी येऊन मोजायचं. कोण कोणाला खातं हे मग कोणी सांगावं लागत नाही. दुसरा प्रयोग कात्रीचा. किड्याने पानं खाल्ली की आपला जीव खालीवर होतो. तिथे शेतकऱ्यांनी स्वतःच कोवळ्या धानाची काही पानं कातरली, काही चुडा तशाच ठेवल्या आणि कापणीला दोन्हींचं धान वेगवेगळं मोजलं. सुरुवातीच्या दिवसांत थोडी पानं गेली तरी धान नवी पानं आणि फुटवे काढून ती कसर भरून काढतं, हे त्यांनी स्वतःच्या हाताने पाहिलं. पान फाटलेलं दिसलं की लगेच फवारा, ही सवय अशी सुटली.

नव्वदच्या दशकात जावातल्या बांध्यांचा आणखी अभ्यास झाला आणि त्यातून एक नवी गोष्ट समजली. रोवणीनंतर सुरुवातीच्या दिवसांत तुडतुडे फारसे नसतात, तरी कोळी असतात. मग ते खातात काय? चिखलातल्या कुजलेल्या काडीकचऱ्यावर, पाण्यातल्या शेवाळावर वाढणारी चिलटं असतात. ती धानाचं काही बिघडवत नाहीत. कोळी आधी त्यांच्यावर पोसतात, वाढतात, आणि तुडतुडे येतात तेव्हा ही फौज तयार असते. बांधीत कुजणारं खत जास्त टाकलं तर चिलटं वाढतात आणि त्यांच्यामागे कोळीही वाढतात, असं त्या अभ्यासात दिसलं. म्हणजे आपण उकिरड्यावरचं शेणखत बांधीत नेतो तेव्हा धानालाच नाही, राखणदारालाही खाऊ घालतो. आणि रोवणी झाल्या झाल्या "आधीच सावध राहावं" म्हणून जी पहिली फवारणी करतो, ती कोळ्याचं ताट हिसकावून घेते.

पुढे काय झालं? इंडोनेशियात धानावरच्या फवारण्या पुष्कळ कमी झाल्या आणि तांदळाचं उत्पादन घटलं नाही, वाढतच राहिलं. नव्वदचं दशक संपेपर्यंत तिथल्या जवळपास दहा लाख शेतकऱ्यांनी शेतीशाळा पूर्ण केली होती. तिथून ती व्हिएतनाम, बांगलादेश, फिलिपिन्स, भारत अशी पसरत गेली आणि पुढे आफ्रिकेतही पोचली. आपल्याकडे ती धानात आली, कापसात आली आणि आता आपल्या कृषी विभागाच्या कार्यक्रमातून गावात येते. एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. जावातल्या पहिल्या शाळांत पुरुषच जास्त होते. रोवणारे, निंदणारे हात बायांचे आणि शाळेच्या हजेरीवर नावं पुरुषांची. हे कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतं ना?

बायांच्या हाती हे काम आलं तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या, आताच्या तेलंगणातल्या, खम्मम भागात पुनुकुला नावाचं गाव आहे. तिथे कापूस आला, त्यामागून औषधं आली, त्यामागून दुकानदाराचं कर्ज आलं. १९९९च्या सुमारास काही शेतकऱ्यांनी संस्थांच्या मदतीने फवारणीशिवाय शेती करून बघितली. निंबोळीचा अर्क, पक्ष्यांना बसायला काठ्या, कडेने झेंडू आणि एरंडी लावून किडीला तिकडे वळवणं, असे उपाय. शेजारच्यांचा खर्च वाचतोय हे बघून बाकीचे आले आणि २००४च्या सुमारास सगळ्या गावाने रासायनिक कीडनाशक नको असं ठरवलं. या कामात तिथल्या बचत गटांच्या बायांचा मोठा वाटा होता. औषधाने घरातली माणसं आजारी पडतात आणि कर्जाने घर बसतं, हे त्यांनी धरून ठेवलं होतं. त्यानंतर आंध्र सरकारने बचत गटांच्या महासंघांमार्फतच हा कार्यक्रम गावोगाव नेला. आपल्यासारखेच गट, आपल्यासारख्याच आठवड्याच्या बैठका. बचत आणि कर्जफेडीच्या हिशोबासोबत त्या बायका फवारणीचाही हिशोब मांडायला लागल्या.

आता थोडं आपलं. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात गेले. फवारणी पुरुष करतात, पण पंपासाठी पाणी कोण भरतं? डब्यातलं औषध ढवळायला काडी कोण शोधतं? फवारलेल्या शेतात दुसऱ्या दिवशी निंदायला कोण बसतं? ते कपडे कोण धुतं? आमच्याच गटातल्या एका ताईला दोन वर्षांपूर्वी फवारणीचं पाणी वाहून नेताना भोवळ आली, रात्रभर उलट्या झाल्या. दुकानदाराने दोन बाटल्या एकत्र करून दिल्या होत्या, म्हणाला, "डबल काम करेल." त्या बाटल्यांची उधारी तिने पुढचे सहा महिने फेडली. म्हणून ही गोष्ट फक्त किड्यांची नाही.

जावाची गोष्ट मी इथे गोड करून संपवू शकले असते, पण ती तशी संपत नाही. १९९९ नंतर तिथल्या राष्ट्रीय शाळांचा मोठा कार्यक्रम संपला. औषधांची दुकानं वाढली, शेकडो नव्या नावांच्या बाटल्या आल्या. शिकलेली पिढी म्हातारी झाली आणि तरुणांनी पुन्हा पंप उचलला. २००९ ते २०११ या काळात जावात तुडतुडा परत मोठ्या प्रमाणावर उठला. पंचवीस वर्षांपूर्वी शिकलेला धडा पुन्हा पहिल्यापासून गिरवायची वेळ आली. कोळ्याला काही विसरायला होत नाही, माणसाला होतं. म्हणून एका हंगामाची शाळा झाली, फोटो निघाला, प्रमाणपत्र मिळालं, एवढ्यावर थांबून भागणार नाही. मोजणं दर हंगामात व्हायला हवं.

मग करायचं काय? आमच्या गटाने जे ठरवलं ते सांगते, पटलं तर घ्या.

एक, रोवणीनंतर पहिल्या महिन्या-सव्वा महिन्यात नुसत्या भीतीपोटी फवारायचं नाही. दोन, दर आठवड्याला बांधीत उतरून चारी कोपरे आणि मध्य मिळून वीस चुडा बघायच्या. पानं नाही, बुंधा बघायचा. चूड हलकेच वाकवून पाण्यावर काय पडतं ते मोजायचं, तुडतुडे वेगळे आणि कोळी वेगळे. तमिळनाडू कृषी विद्यापीठाची शिफारस मला फार समजूतदार वाटली. कोळी नसेल तर एका फुटव्यामागे एक तुडतुडा ही धोक्याची रेषा, पण चुडीमागे एक कोळी असेल तर तीच रेषा एका फुटव्यामागे दोन तुडतुड्यांवर जाते. म्हणजे विद्यापीठानेसुद्धा कोळ्याला हिशोबात धरलं आहे, मग आपण का धरू नये? तीन, रोवणी करतानाच आठ-दहा ओळींनंतर एक पट्टा मोकळा सोडायचा, म्हणजे बुंध्याशी हवा आणि ऊन पोचतं. युरिया एकदम ओतायचा नाही, हिरव्यागार लुसलुशीत धानावर तुडतुडा जास्त येतो. तुडतुडे दिसायला लागले तर काही दिवस बांधीतलं पाणी काढून द्यायचं. चार, धोक्याची रेषा ओलांडलीच, तर कृषी सहायकांना बोलावून, दाखवून, त्यांनी सांगितलेलंच औषध, सांगितलेल्या मापात आणि बुंध्यावर. दुकानदाराच्या तोंडावर नाही.

फवारणी कधीच करायची नाही, असं मी म्हणत नाही. काही वर्षं अशी येतात की करावी लागते. पण ती मोजून करू या.

मागच्या हंगामात असंच झालं. धान पोटऱ्यात आलं होतं आणि शेजारच्या बांध्यांमध्ये पंप सुरू झाले. आमच्या घरातली माणसं अस्वस्थ झाली. एकीचे मालक तर औषध घेऊनच आले. आजी म्हणाल्या, "थांबा, आधी मोजू द्या." आम्ही आठजणी उतरलो. तुडतुडे होते, पण बहुतेक चुडांवर कोळीही होता, काही ठिकाणी दोन-दोन. पाणी काढून दिलं आणि आठ दिवस थांबायचं ठरलं. ते आठ दिवस मला झोप लागली नाही, खोटं कशाला बोलू? आठवड्याने मोजलं तेव्हा तुडतुडे वाढले नव्हते. फक्त एका ताईच्या सखल बांधीत, जिथून पाणी निघतच नाही, तिथे खळं दिसायला लागलं होतं. कृषी सहायकांना विचारून तेवढ्याच तुकड्याला बुंध्यावर औषध दिलं. बाकीच्या बांध्यांची कापणी त्या हंगामात एकही फवारणी न करता झाली. ती आणलेली बाटली सील न फोडता दुकानात परत गेली.

आजींचं ते चित्र आम्ही गटाच्या खोलीत भिंतीवर लावलं आहे. त्यात कोळी धानापेक्षा मोठा झालाय. येत्या खरिपात तुमच्या गटातही असा एक कागद लावा आणि दर आठवड्याला त्यावर दोनच आकडे लिहा, तुडतुडे किती आणि कोळी किती. दिवाळीनंतर ते आकडे आम्हाला कळवा. सगळ्या गटांचे आकडे एकत्र करून मी पुढच्या वेळी याच कार्यक्रमात वाचून दाखवीन.